हाड कसं बनतं, कसं वाढतं, कसं जुळतं: सोलापुरात मला रोज विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात फिजिओथेरपी करते. प्लास्टर निघालं की पेशंट माझ्याकडे येतो, त्यामुळे मोडलेल्या हाडाची गोष्ट मला नेहमी शेवटाकडून ऐकायला मिळते. प्रश्न मात्र सगळ्यांचे सुरुवातीचेच: आत नक्की काय होतं, किती दिवस लागतात, आणि पायाचं सूप कधी सुरू करायचं. तेच तेच सांगून घसा बसायला लागला, म्हणून इथे लिहून ठेवलंय. तुमच्या हाडाचा निर्णय तुमच्या हाडांच्या डॉक्टरांनीच घ्यायचा. हाड आतून कसं वागतं, एवढंच मी सांगतेय.

हाड म्हणजे दगडासारखंच ना? त्यात जीव कुठे असतो?

असतो, आणि पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. आपल्याला हाड दिसतं ते ताटात नाहीतर शाळेतल्या सांगाड्यात, दोन्हीकडे मेलेलं. म्हणून हा गैरसमज. जिवंत हाडात रक्तवाहिन्या असतात, वरच्या पातळ आवरणात नसा असतात (मोडल्यावर ब्रह्मांड आठवतं ते त्यांच्यामुळे), आत मगज असतो आणि त्या मगजात रक्त तयार होतं. मांडीचं हाड मोडलं तर आतल्या आत लिटरभर रक्त सांडू शकतं. दगडातून रक्त येत नाही.

वजनाच्या हिशोबात हाडाचा दोनतृतीयांशाच्या आसपास भाग कॅल्शियम आणि फॉस्फरसच्या क्षारांचा. बाकीच्यात मुख्यतः कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे आणि थोडं पाणी. घरी करून बघा: कोंबडीच्या तंगडीचं साफ केलेलं हाड व्हिनेगरमध्ये आठ-दहा दिवस बुडवून ठेवा. क्षार विरघळतात, धागे उरतात आणि हाड रबरासारखं वाकतं. उलट चुलीत जळलेलं हाड तसंच दिसतं, पण धागे जळून गेल्यामुळे बोटांत चुरगळतं. क्षारांमुळे कडकपणा, धाग्यांमुळे चिवटपणा. सोलापुरी चादर नुसत्या खळीनं उभी राहत नाही, सूत लागतंच.

पोटातल्या बाळाची हाडं कधी बनतात?

सहाव्या-सातव्या आठवड्यापासून सुरुवात होते. बहुतेक हाडांचा आधी कूर्चेचा साचा तयार होतो. कूर्चा म्हणजे कानाच्या पाळीच्या वर लागते ती लवचिक वस्तू. मग साच्याच्या मधोमध रक्तवाहिनी शिरते, कूर्चा मागे हटते आणि तिच्या जागी हाड बसत जातं. कवटीची वरची हाडं मात्र साचा न करता थेट पडद्यातच तयार होतात. हाड व्हायला सगळ्यात आधी सुरुवात करणाऱ्यांत गळ्याजवळची हासळी असते, आणि गंमत म्हणजे तिचं आतलं टोक पूर्ण व्हायला विशी उलटून पंचविशी येते.

जन्मलेल्या बाळाची हाडं मोजली तर पावणेतीनशे ते तीनशेच्या घरात भरतात. मोठेपणी २०६. हाडं हरवत नाहीत, एकमेकांना जोडली जातात. गुडघ्याची वाटी तर बाळाला हाडाची नसतेच. ती तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान हाडाची होते, तोवर कूर्चाच.

टाळूवर तेल थापलं की ती लवकर भरते का?

नाही. पुढची टाळू साधारण वर्ष ते दोन वर्षांत आपोआप भरते. मागची दोन-तीन महिन्यांतच. तेलानं बाळाला झोप चांगली लागते, तेवढ्यासाठी लावा.

मुलगा सतरा वर्षांचा आहे. उंची वाढवायची पावडर द्यावी का?

देऊ नका. लांब हाडाच्या टोकाशी कूर्चेची एक पातळ चकती असते, तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. तिथल्या पेशी रुपयांच्या चळतीसारख्या एकावर एक रचल्या जातात, फुगतात, मरतात आणि मागून हाड त्यांची जागा घेत पुढे सरकतं. उंची वाढते ती एवढ्या चकतीच्या जोरावर. मांडीच्या हाडाचं गुडघ्याकडचं टोक वाढत्या वयात वर्षाला साधारण एक सेंटिमीटर भर घालतं, बाकीची टोकं त्याहून कमी. वयात येताना जी संप्रेरकं एकदम उंची वाढवतात, तीच शेवटी ही चकती बंद करतात. मुलींमध्ये साधारण चौदा ते सोळा, मुलांमध्ये सोळा ते अठरा. बंद झाल्यावर तिथे एक रेघ उरते, आणि डब्यावरचा कुठलाही खेळाडू ती रेघ उघडू शकत नाही.

हाताच्या एक्स-रेत या चकत्या बघून हाडाचं वय काढता येतं. क्रिकेटमध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांची तपासणी याच तत्त्वावर होते. जन्मदाखल्यावर खाडाखोड करता येते, मनगटावर नाही.

वाढ थांबली की हाडाचं काम संपलं?

काम तेव्हाच खरं सुरू होतं. हाडात दोन टोळ्या असतात. एक पोखरणारी, दुसरी बांधणारी. पोखरणाऱ्या पेशी हाडाला चिकटतात, आम्ल सोडतात आणि दोन-तीन आठवड्यांत एक खड्डा पाडतात. मागून बांधणाऱ्या पेशी येऊन तोच खड्डा तीन-चार महिने लावून भरतात. आपल्याकडे रस्ता खोदणारे आणि बुजवणारे यांची वर्षानुवर्षं गाठ पडत नाही. हाडात मात्र एकाचं काम संपायच्या आत दुसऱ्याला निरोप गेलेला असतो. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहा टक्के भाग दरवर्षी असा नवा होतो.

एवढा उपद्व्याप का? रोजच्या चालण्या-उचलण्यानं हाडाला सूक्ष्म तडे जातात, ते वेळीच काढावे लागतात. दुसरं कारण कॅल्शियमचं. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. रक्तात थोडंसंच लागतं, पण ते कमी पडून चालत नाही, कारण हृदय आणि स्नायू त्यावर चालतात. जेवणातून आलं नाही तर शरीर हाडाच्या खात्यातून काढतं, आणि तुम्हाला पासबुक दाखवत नाही.

तिशीपर्यंत जमा जास्त असते, नंतर खर्च हळूहळू पुढे जातो. पाळी थांबल्यावर बायकांमध्ये पोखरणाऱ्या पेशींवरचा इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा लगाम सुटतो आणि पहिली काही वर्षं हा खर्च झपाट्यानं वाढतो.

हाडाला कसं कळतं कुठे जाड व्हायचं?

माझा आवडता प्रश्न. हाड बांधता बांधता काही पेशी स्वतःच त्यात गाडल्या जातात. त्या मरत नाहीत. बारीक फांद्या पसरून एकमेकींचा हात धरून बसतात. हाडावर भार आला की त्यांच्याभोवतीच्या बारीक वाटांमधलं पाणी हलतं, आणि ते हलणं त्यांना कळतं. मग निरोप जातो: इथे बांधा. भार आलाच नाही तर: इथलं काढून न्या.

भाराप्रमाणे हाड आपली रचना बदलतं, हे जर्मन शल्यचिकित्सक युलियस व्होल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलं. टेनिस खेळणाऱ्यांचा रॅकेट धरणारा हात दुसऱ्यापेक्षा जाड हाडाचा असतो. उलट अंतराळवीर, तिथे वजनच नाही, त्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला एक-दीड टक्का उतरते.

आमच्या सिद्धेश्वरांच्या जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज (उंच, जड काठ्या) पेलणारे मानकरी आणि भक्त आधी सराव करतात. तो श्रद्धेचा आणि तोल साधण्याचा भाग आहेच, पण हाडाच्या दृष्टीनंही शहाणपणाचा आहे. स्नायू काही आठवड्यांत तयार होतो, हाडाला महिने लागतात. चपलेविना वारी करून आलेल्या एखाद्या बाईचं पाऊल सुजून येतं, एक्स-रेत काही दिसत नाही, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा काढला की बोटामागच्या लांब हाडावर नव्या हाडाची गाठ दिसते. पडली नव्हती, झडली नव्हती. वर्षभर घरात चाललेल्या पायावर रोज पंधरा-वीस किलोमीटर आले, खड्डे पडले, भरायला वेळच मिळाला नाही.

आणि म्हणूनच मला लोकांच्या "सहा महिने हलवू नका हं" या सल्ल्याचा राग येतो. मोडलेल्या जागेला ठराविक काळ स्थिर ठेवायचं असतं, आख्ख्या माणसाला नाही.

हाड मोडल्यावर आत काय होतं?

पहिल्या तासांत रक्त सांडून गोठतं. ही गुठळी लोकांना घाण वाटते, "साकळलेलं रक्त काढून टाका" म्हणतात. पण तीच पहिली पायाभरणी. तिथून रसायनं सुटतात, सूज येते, मेलेले तुकडे उचलून न्यायला पेशी येतात आणि नव्या रक्तवाहिन्या फुटतात. पहिल्या आठवड्यातली सूज म्हणजे कामगार हजर झाल्याची खूण.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दोन टोकांमध्ये मऊ गाठ तयार होते, कूर्चेची आणि धाग्यांची. हिला कॅलस म्हणतात. पोटात असताना जे झालं तेच पुन्हा: आधी कूर्चा, मग हाड. जखम भरल्यावर कातडीवर वण राहतो, हाडावर राहत नाही. शरीरात फार थोड्या गोष्टी अशा परत मूळच्या होतात.

सहा ते बारा आठवड्यांत कॅलस कडक होतो. तो मूळ हाडापेक्षा जाड आणि ओबडधोबड असतो, वेल्डिंग करणाऱ्यानं घाईत सोडलेल्या सांध्यासारखा. मग महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं, त्या दोन टोळ्या येऊन तो घासून नीट करतात. कुठे घासायचं ते भार ठरवतो.

थोडी हालचाल कॅलसला हवीच असते. फार हलवलं तर मात्र धागे जुळतच नाहीत. त्यामुळे हे सगळं मापाचं काम आहे, आणि माप डॉक्टर सांगतात, शेजारी नाही.

नुसता क्रॅक आहे, फ्रॅक्चर नाही म्हणाले. मग प्लास्टर कशाला?

क्रॅक म्हणजेच फ्रॅक्चर. टोकं जागेवरून हललेली नाहीत एवढाच फरक. प्लास्टर ती हलू नयेत म्हणून.

एक्स-रेत फट दिसतेय आणि डॉक्टर चाला म्हणतात. चुकतंय का काही?

बहुतेक नाही. मऊ कॅलस एक्स-रेत दिसत नाही, क्षार भरल्यावरच दिसतो. म्हणजे एक्स-रे नेहमी थोडा मागे असतो, गावाला उशिरा पोहोचणाऱ्या पेपरासारखा. दाबल्यावर दुखतं का, भार दिल्यावर कळ येते का, हे पाहून डॉक्टर सांगतात.

किती आठवडे लागतात?

लहान मुलाचं मनगट तीन-चार आठवड्यांत धरतं, मोठ्या माणसाचं सहाच्या आसपास. नडगीला चार-पाच महिने लागू शकतात, कारण तिच्यावर पुढून मांस नाही, नुसती कातडी, आणि रक्तपुरवठा बेताचा. अंगठ्याच्या मुळाशी एक काजूएवढं हाड आहे, त्याला रक्त उलट्या बाजूनं पोहोचतं. ते मोडलं तर दहा-बारा आठवडे, आणि कधी जुळतच नाही. मनगट मुरगळलं म्हणून सोडून दिलेले दहापैकी नऊ जण खरंच मुरगळलेले असतील, दहावा याच हाडाचा.

यात भर तंबाखूची. निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं, आणि हाडाला तर त्याच वाटेनं सामान यायचं असतं. विडी ओढणाऱ्यांची हाडं हळू जुळतात. मशेरी लावणाऱ्या आज्या मला सांगतात, "मी कुठे ओढते?" ओढत नाही, पण निकोटिन हिरडीतूनही जातं. साखर आटोक्यात नसली तरी उशीर होतो. आणि दम्याच्या किंवा सांध्याच्या नावाखाली वर्षानुवर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

मुलाचं हाड वाकडं जुळलंय. परत मोडून बसवावं लागेल का?

इथे मी माझा डावा हात पुढे करते. सात वर्षांची असताना संक्रांतीला पतंगाच्या मागे धावता धावता गच्चीवरून खाली आले. मनगटाच्या वर दोन्ही हाडं. घरच्यांनी एका हाडवैद्याकडे नेलं, त्यानं बांबूच्या कामट्या लावून घट्ट बांधलं. रात्री बोटं जांभळी झाली, मी रडून घर डोक्यावर घेतलं, आणि वडिलांनी दाढीच्या ब्लेडनं पट्टी कापली. आणखी काही तास गेले असते तर आज हा हात दाखवायला नसता. पट्टी आवळली की स्नायूंचं रक्त बंद पडतं, आणि स्नायू तासांच्या हिशोबानं मरतात.

हाड वाकडंच जुळलं. त्या वेळचा एक्स-रे पिवळ्या पाकिटात अजून आहे: मनगटाशी सरळ सरळ कोपरा. दोन वर्षांनंतरच्या एक्स-रेत तो शोधावा लागतो. माझं वय कमी होतं, मोडलेली जागा ग्रोथ प्लेटजवळ होती, आणि वाक मनगट हलतं त्याच दिशेत होता. तिन्ही गोष्टी बाजूनं होत्या. आतल्या बाजूनं हाड बांधलं गेलं, बाहेरच्या बाजूनं पोखरलं गेलं, आणि चकतीनंही आपला कल बदलला.

पण हे सगळ्यांना लागू नाही. हाड पिळलं गेलेलं असेल, म्हणजे स्वतःभोवती फिरलेलं, तर ते वयानं सुटत नाही. कोपराच्या वरचा वाक जवळजवळ तसाच राहतो. ग्रोथ प्लेटलाच इजा झाली असेल तर वाढताना हात उलट आणखी वाकडा होऊ शकतो. माझं नशीब पाहून कुणी वाट बघत बसू नये.

मालिश केली तर हाड लवकर मोकळं होतं ना?

कोपराला तर अजिबात नको. दर सुट्टीत झाडावरून पडलेली दोन-तीन मुलं येतात, त्यांना कुणीतरी गरम तेलानं रगडलेलं असतं, वर हात धरून जोरानं सरळ केलेला असतो. दुखावलेल्या स्नायूला पुन्हा पुन्हा रगडलं की कधी कधी त्या स्नायूतच हाड तयार व्हायला लागतं. खरंखुरं हाड, नको त्या जागी. मी एका मुलाच्या दंडावर बोट ठेवलं तेव्हा मऊ मांसाच्या आत सुपारीसारखं काहीतरी लागलं. त्याची आई म्हणाली, "रोज अर्धा तास चोळतोय ओ मॅडम, तरी वाकेना." चोळत होते म्हणूनच वाकत नव्हता.

प्लास्टर काढल्यावर आतून जे निघतं ते पाहून लोक घाबरतात: बारीक झालेला हात, सुटणारी कातडी, लांबलेली लव, आंबूस वास. ते सगळं परत येतं. कोमट पाण्यात, स्वतःच्या ताकदीनं, दुखेल त्याच्या अलीकडेपर्यंत हलवायचं. दुसऱ्यानं ओढायचं नाही, अगदी मामा पैलवान असला तरी.

पायाचं सूप, हाडजोडीची वेल, दूध: काय घ्यावं?

पायाच्या सुपात कॅल्शियम नावापुरतं असतं. साध्या पाण्यात हाडाचे क्षार विरघळत नाहीत. मिळतं ते प्रथिन, आणि चव. आवडत असेल तर जरूर प्या, फक्त त्याच्या भरवशावर बाकीचं जेवण सोडू नका. हाडजोडीबद्दल माझं म्हणणं एवढंच, की कुठलीही वेल सरकलेलं हाड जागेवर आणत नाही.

मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. पेलाभर दुधात साधारण २४० मिळतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. आपल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीचा कितीही अभिमान असला तरी ज्वारीत शंभर ग्रॅमला तीसही भरत नाही. कडक भाकरी खा, पण सोबत दही, ताक, शेवग्याचा पाला येऊ द्या. भोगीला बाजरीच्या भाकरीवर तीळ थापतात ते वर्षभर करायला हरकत नाही: चमचाभर तिळात शंभरएक मिलिग्रॅम असतं, सगळं अंगी लागत नाही तरी. आणि डाळ, अंडी, मटकी. हाडाचे धागे प्रथिनाचे, हे विसरलं जातं.

सोलापुरात एवढं ऊन, मग ड जीवनसत्त्व कमी कसं निघतं?

कारण ऊन बाहेर असतं आणि आपण आत. विड्या वळणाऱ्या बायका दिवसभर घरात सूप मांडीवर घेऊन बसतात, माग चालवणारे पत्र्याखाली. काचेतून आलेलं ऊन चालत नाही. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे कोवळं ऊन. कातडीत ड जीवनसत्त्व बनवणारे किरण सकाळच्या तिरप्या उन्हात जवळजवळ नसतात. साधी खूण: तुमची सावली तुमच्यापेक्षा आखूड हवी. आपल्याकडे मे महिन्यात हे सव्वानऊ-साडेनऊलाच होतं, तेव्हाच दहा-पंधरा मिनिटं हातपाय उघडे ठेवून उरका, दुपारच्या ४३ अंशांत जाऊ नका. डिसेंबरात मात्र बाराच्या आसपासच उभं राहावं लागतं. फारच कमी निघालं तर डॉक्टरांनी दिलेली पुडी घ्या, मनानं दर आठवड्याला नको.

आईच्या हाडांची झीज झालीय म्हणाले. म्हणजे हाडं ठिसूळ झाली का?

या एका शब्दानं फार घोळ घातलाय. गुडघ्याची झीज म्हणजे हाडाच्या टोकावरची कूर्चा झिजली. दुखतं, कडकडतं, पण हाड मजबूत असू शकतं. ठिसूळपणा वेगळा: हाड आतून विरळ होतं, मोडेपर्यंत अजिबात दुखत नाही, आणि मग बाथरूममध्ये साधं घसरल्यावर खुबा जातो. आधी कळायचं तर घनता मोजावी लागते, उणे अडीच किंवा त्याखाली आकडा आला की ठिसूळ म्हणतात. डॉक्टरांना सरळ विचारा: कूर्चा की हाड?

बोटं मोडल्यानं हाडं झिजतात का?

नाही. सांध्यातल्या पाण्यातल्या वायूचा आवाज आहे.

पायाला लोखंडी रिंग लावलीय. त्यानं हाड वाढतं हे खरं?

खरं, आणि हाडाबद्दल मला सगळ्यात आश्चर्य याचंच वाटतं. रशियातल्या कुर्गान शहरात गावरिल इलिझारोव्ह यांनी १९५० च्या दशकात ही पद्धत घडवली. हाड मुद्दाम कापायचं, काही दिवस कॅलस धरू द्यायचा, मग रिंगमधले नट फिरवत टोकं दिवसाला एक मिलिमीटर दूर न्यायची, तेही चार वेळा पाव-पाव मिलिमीटर. मधे ताणलेल्या धाग्यांवर नवं हाड बसत जातं, मागावर ताणलेल्या उभ्या सुतासारखं एका दिशेत. घाई केली तर मधे नुसती पोकळी राहते. आळस केला तर हाड मधेच जुळून मोकळं होतं. म्हणून नट विसरू नका, आणि आज दोनदा विसरलात तर उद्या दुप्पट फिरवू नका.

हाड जुळलं. आता आतला रॉड काढायचा का?

बऱ्याच मोठ्या माणसांना काढायची गरज नसते. मुलांत, किंवा टोचत असेल, जंतुसंसर्ग असेल तर काढतात. थंडीत दुखतं एवढ्यासाठी ऑपरेशनच्या मागे लागू नका. काढलाच, तर स्क्रूची भोकं भरायला काही आठवडे ते दोन-तीन महिने जातात, आणि तोवर हाड त्या भोकांपाशी कच्चं असतं. मागच्या वर्षी एक जण डिसेंबरात प्लेट काढून आला आणि म्हणाला, "मॅडम, जानेवारीत नंदीध्वज पेलायचाय." त्याला मी यात्रा बाजूनं बघायला सांगितली. रागावला, पण त्यानं ऐकलं. प्लेट काढायची असेल तर गड्डा झाल्यावर काढा.